टाकीमागची झालर

ता. ३ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संना नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल असं धरून चालते. मी बरी आहे. एक गुडघा सोडला तर माझं सगळं जागच्या जागी आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. सात वेळा केला, सातही वेळा ती यंत्रातली बाई बोलली. तिला मी काय सांगणार? म्हणून पत्र. पत्राला उचलायचं-ठेवायचं नसतं, दाराखालून सरकून आत येतं. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून सामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर हसून घ्या. पण वाचा.

काम असं आहे. जाळी कापायची मोठी कातरी कुठं ठेवलीत? घर उलटं केलं. कॉटखाली बघितलं, शिवणयंत्राच्या खणात बघितलं, तुमच्या दादांच्या हत्यारांच्या पेटीत बघितलं. नाही. जाताना तुम्ही सगळं नीट लावून गेलात ना, तिथंच घोळ झाला. माझ्या पसाऱ्यात मला सगळं सापडायचं. तुमच्या नीटपणात काही सापडत नाही.

कातरी कशाला, तर ससे परत जमिनीवर घेतेय. हो, मीच. मागच्या पंधरवड्यात करडीला पिंजऱ्यातून बाहेर काढली तर मागच्या पायांची लव पार गेलेली, तळवे लालभडक, एका ठिकाणी खपली. दहा महिने तारेवर बसल्यावर दुसरं काय होणार? पायाला मलम लावताना ती अंग चोरत होती आणि मला तुमचं बोलणं ऐकू येत होतं. 'वहिनी, आपण दोघी अनवाणी चाळणीवर राहून बघू दोन दिवस.' मी म्हणायचे, खायचं जनावर आहे, त्याला काय गालिचा अंथरू? तर तुम्ही म्हणायच्या, 'खायचंय म्हणूनच. तोवर तरी धड जगू दे.' तुमचे दादा गेल्यावर वर्षभर हेच ऐकवलंत आणि शेवटी मागच्या अंगणात जाळीचं आवार करायला लावलंतच. ससे उकरत होते, पळत होते, उन्हात पोट वर करून पडत होते. मांसही चांगलं भरायला लागलं. खानावळवाला म्हणाला होता, 'बाई, आता सशाला चव आली.' तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमचं डोकं आणखी वर गेलं असतं.

त्या आवारात पुढं काय झालं ते उगाळत नाही. झालं ते झालं. या वेळी कडी मी स्वतः लावेन, म्हणजे कुणाला बोल नको.

तर जुनं आवार सगळं सोडवून नव्यानं उभं करणार. पायाची खपली सुकली, म्हणून उद्या करडीला नराकडे नेते. मादी नराकडे न्यायची, नर मादीच्या घरात सोडायचा नाही, नाहीतर ती त्याला ओरबाडते, हे तुम्हीच शिकवलंत. आयुष्यभर ना कुणाकडे गेलात, ना कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलंत, पण सशांच्या लग्नाचं सगळं तुम्हाला पाठ.

भाजीवाली गाजराचा पाला ठेवते अजून. विचारत होती, 'त्या बारीक ताई कुठं गेल्या?' मी म्हटलं, गेल्या नाहीत, कामाला गेल्यात. म्हणाली, 'मग कधी येणार?' मी म्हटलं, तुला पाला द्यायचाय की पंचाईत करायचीय?

परवा खानावळीसाठी माळीबुवांकडचा एक ससा कापायला आणला होता. सुरी हातात घेतली आणि थांबले. कशासाठी थांबले ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, नळावर तुम्ही बादली वाजवायची वाट बघत होते. मी कापायला बसले की तुम्ही नळावर जाऊन बादली बडवत बसायच्या, आवाज ऐकू येऊ नये म्हणून, आणि शिजल्यावर पहिलं वाढून घ्यायला तुम्हीच. मी किती बोलायचे त्या बादलीवरून. आता सगळं ऐकू येतं.

कातरीचं तेवढं कळवा. बाकी काही नाही.

तुमची
वहिनी

ता.क. तुमच्या घरातल्या चपला अजून दाराशी आहेत. परवा पायात आल्या, पडले असते. न्यायच्या असतील तर येऊन न्या.


ता. १९ फेब्रुवारी, गुरुवार

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी. 'कातरी माळ्यावर, निळ्या डब्यात, दादाच्या स्वेटरखाली.' आठ महिन्यांनी सहा शब्द. महिन्याला एक सुद्धा आला नाही. वर वहिनी नाही, खाली नाव नाही. तरी मी तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, जास्त वेळा वाचलं.

कातरी मिळाली. स्वेटरही मिळाला. तो टाकून द्या म्हणून मी सांगितलं होतं, कोपर फाटलंय म्हणून. तुम्ही 'टाकला' म्हणालात. कोपराला ठिगळ लावून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलात. म्हणजे माझ्याशी खोटं बोलता येतं तुम्हाला. मला उगाच बरं वाटलं.

आवाराचं काम जोरात आहे. शेजारचा वेल्डर खांबांना पाईप जोडायला आला होता. लांबी पहिल्यासारखीच ठेवली. मधे आडवी जाळी, म्हणजे एका भागात ससे आणि दुसऱ्यात गवत वाढतंय, महिन्यानं अदलाबदल. तुम्ही म्हणायच्या तसंच, जमीन त्यांच्या घाणीनं आजारी पडता कामा नये. वर घारीसाठी जाळं ताणलं. नराला कोपऱ्यात वेगळं, नाहीतर तो दर महिन्याला बाप होईल. ऊन आणि सावली दोन्ही मिळेल असं बघितलं. आणि खाली झालर. जाळी जमिनीपाशी संपवायची नाही, बाहेरच्या बाजूला दोन हात आडवी पसरायची आणि वर माती टाकायची, म्हणजे कुत्रं कुंपणाशी येऊन उकरायला लागलं की नखं जाळीत अडकतात आणि ते नाद सोडतं. हे मी वेल्डरला समजावून सांगितलं, जसं काही मलाच सुचलंय. तो म्हणाला, 'बाई, डोकं आहे तुम्हाला.' मी मान डोलावली.

हा वेल्डर फार बोलतो. जुनी जाळी काढताना सिमेंटच्या टाकीमागे वाकून काय बघत बसला होता कोण जाणे. म्हणाला, 'बाई, इथं तर...' मी म्हटलं, तुम्हाला पाईप जोडायला बोलावलंय, संशोधन करायला नाही. चहा न देता घालवला त्याला. टाकीमागचं माझं मी बघून घेते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. नवऱ्याचा डबा विसरला होता तो न्यायला म्हणून, पण बसली तासभर. बहिणीकडे गेली होती ना ती, तर तुम्हाला भेटून आली म्हणे त्या दवाखान्याच्या धुलाईघरात. मी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं, पण सहज.

म्हणाली, 'ताई वाळल्यात हो.' मी म्हटलं, त्या जन्मापासून वाळलेल्याच आहेत.

म्हणाली, 'तसं नाही. खोलीवर घेऊन गेल्या होत्या मला. निघताना कुलूप लावलं, जिना उतरलो, तर परत वर गेल्या. कुलूप ओढून बघितलं. खाली आल्या. कोपऱ्यापर्यंत गेलो, तर परत मागं. मी म्हटलं, अहो ताई, मी बघितलंय, लागलंय कुलूप. तर म्हणाल्या, तुम्ही बघितलंत, पण लावणारे हात माझे ना.'

मग बॉयलरचं सांगितलं. तुमच्या धुलाईघराच्या मोठ्या बाईंनी तुम्हाला त्या ओल्या चादरींतून उठवून बॉयलरवर बसवायचं ठरवलं होतं म्हणे. बसून करायचं काम, दोन झडपा आणि एक काटा बघायचा, पाठीला आराम. आणि तुम्ही नको म्हणालात. 'माझ्याकडून झडप राहिली तर?'

हे ऐकून मला राग आला. कुणाचा ते विचारू नका.

वन्सं, तुमच्याकडून काय राहणार आहे? आवाराच्या दाराची कडी लावून वर सुतळी बांधणारी बाई तुम्ही. दांडीला तीन वेढे आणि ती तुमची चपटी गाठ. मी म्हणायचे, ससे आहेत, तुरुंग फोडणारे कैदी नाहीत. मला ती गाठ जन्मात सुटली नाही. तुम्ही पाणी आणायला गेलात की मी आपली वेढ्यांसकट दांडीवरून सरकवून काढायचे, आणि तुम्ही आल्या की लगेच ओळखायच्या. 'वहिनी, तुम्ही गाठ सोडत नाही, गाठीवरून उडी मारता.' आठवतं?

करडीच्या पोटात पिल्लं आहेत असं वाटतंय. हात लावला तर गोट्या लागतात. उद्या तिला जमिनीवर सोडते. दहा महिन्यांनी पाय मातीला लागतील तिचे.

अजून एक लिहायचं होतं. पण कागद संपत आला.

तुमची
वहिनी

ता.क. कागद संपलेला नाही, तुम्हाला दिसतंच आहे. हात दुखला.


ता. ८ मार्च, रविवार

वन्सं,

नमस्कार शेवटी घालते. आधी सांगायचं ते सांगते, नाहीतर मागच्यासारखं राहून जाईल.

काल करडी व्याली. बघा, लगेच दुसरंच सांगायला लागले. पण ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं येणार नाही, तेव्हा ऐका.

जमिनीवर सोडली त्या दिवशी ती घटकाभर नुसती उभी राहिली. हलेचना. मला वाटलं, पिंजऱ्यात राहून चालायचं विसरली. मग एक पाय उचलला, झटकला, खाली ठेवला. मग दुसरा. आणि मग सुटली ती अशी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मधेच हवेत वाकडी उडी. मी पाण्याची बादली हातात घेऊन उभी होते. तुम्हाला दाखवायला हवं होतं, असं मोठ्यानं म्हणाले मी. अंगणात कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं उकरायला घेतलं. जांभळीच्या मुळाशी, सावलीत, चांगलं हातभर खोल. मग तोंडात गवत धरून फेऱ्या. मग पोटाची लव उपटून आत. आणि काल सकाळी बघते तर बिळाचं तोंड गायब. मातीनं लिंपून टाकलेलं, वर दोन काटक्या. आणि ही बया लांब बसून पाला खातेय, जसं काही झालंच नाही.

पहिल्या वेळचं आठवलं मला. मी बुजवलेलं बीळ बघितलं आणि फावडं आणलं. म्हटलं, हिनं पिल्लं जिवंत पुरली. उकरलं, आत ती गुलाबी वळवळ, आणि तुम्ही धावत आलात आणि माझ्या मनगटावर फटका मारलात. मला, तुमच्या वहिनीला! म्हणालात, 'तिनं पुरलेलं नाही, जपलंय. दिवसातून एकदा येईल, उकरून आत जाईल, दूध पाजेल, परत बुजवेल. सारखी जवळ बसली तर कुत्र्या-मांजरांना पत्ता लागेल ना.' मी मनगट चोळत म्हटलं, असली कसली आई? तुम्ही म्हणालात, 'बघत राहा.' दुसऱ्या दिवशी आपण दोघी पायरीवर बसून राहिलो, आणि ती आली, आणि चहा गार होईपर्यंत आपलं काम उरकून, माती लोटून निघूनही गेली. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. तेवढ्यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तर काल ते बुजवलेलं तोंड बघितलं आणि हा कागद पुढ्यात घेतला. कारण एक भोक मीही बुजवलंय. आणि ते कुणाला जपायला नाही.

आता सांगते. मधे थांबणार नाही.

पहिलं आवार बांधलं तेव्हा तुम्ही अर्धा दिवस खिळे आणि पत्रा आणायला गेला होता. झालर पसरायचं काम माझ्याकडे होतं. तिन्ही बाजूंनी झाली. टाकीमागे पोचले तर टाकी आणि कुंपण यांच्यामधे बसायलाही धड जागा नाही, आणि मातीत मधेमधे दगड. कुदळ मारली की ठिणगी. टाकी हलवायची तर ती रिकामी करा, दोन माणसं बोलवा. मला कंटाळा आला. म्हटलं, इथं कोण मरायला येतंय उकरायला? एक फरशीचा तुकडा आडवा ठेवला, वर माती ओढली. तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न, 'वहिनी, टाकीमागे झाली का?' मी म्हटलं, झाली. तुम्ही वाकून बघितलं नाही. मी म्हटलं म्हणजे झाली, असं धरलंत.

मग ती सकाळ.

किंकाळी तुम्ही ऐकली नाहीत, तुम्ही आत स्टोव्हला पंप मारत होता. ससा तोंडातून आवाज काढत नाही, मरतानाच काढतो. मी धावले. दोन कुत्री होती आत. दार बंद होतं, वन्सं. कडी लावलेली होती. कडीवर सुतळी होती, तीन वेढे, गाठ. मी नेहमीसारखी वेढ्यांसकट ओढून काढली, दार उघडलं, ओरडले, आणि कुत्री माझ्या पायाला घासून उघड्या दारातून बाहेर पडली. तेवढ्यात तुम्ही पायरीवर आलात. तुम्हाला काय दिसलं? दार सताड उघडं आणि त्यातून कुत्री पळताहेत.

मला मात्र टाकीमागची माती दिसत होती. ताजी, काळी, आतल्या बाजूला उडालेली. फरशी बाजूला पडलेली.

तुम्ही धावत आलात. आधी दाराकडे बघितलं, मग खाली सुतळी शोधलीत. सुतळी नव्हती. माझ्या मुठीत होती. तुम्ही मला विचारलंत, 'वहिनी, मी कडी लावली नव्हती का हो?'

माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. तुमचे दादा म्हणायचे, हिचं तोंड झोपेतही चालू असतं. भाजीवालीला सोडलं नाही, खानावळवाल्याला सोडलं नाही, तुमच्या मेलेल्या दादांनाही अजून बोलते. तेव्हा फक्त 'लावली होती' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हणाले नाही. लगेच बनाव केला असंही नाही, खरं सांगते. त्या क्षणी नुसती गप्प बसले. आणि तुम्ही माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावलात आणि तिथंच खाली बसलात, एक एक ससा मांडीवर घेऊन. अकरातले नऊ. करडी तेवढी खोल बिळात, आणि नर त्याच्या कोपऱ्यात.

दुपारी तुम्ही त्या नऊ जणांना पुरायला पलीकडच्या टोकाला गेलात, तेवढ्यात मी टाकीमागचं भोक बुजवलं. दगड भरले, वर माती, पायानं दाबली, पाणी मारलं. करडीनंही इतकं साफ काम केलं नसतं. संध्याकाळी वेल्डरची बायको आली, 'काय झालं हो?' म्हणाली, आणि मी म्हणाले, कडी राहिली. कुणाची ते म्हणाले नाही. तुम्ही शेजारी उभ्या होत्या. मान खाली घातलीत. तेव्हाही सांगता आलं असतं.

एकदा बोलले आणि मग त्यावरच चालू लागले. रोज. आंघोळीला गेलात, 'कडी लावलीत का?' दूध ठेवलंत, 'झाकण राहिलं नाही ना?' तुम्हाला खाली ढकलत राहिले म्हणजे मला वर उभं राहता येत होतं. पिंजऱ्याला शिव्या देणाऱ्या तुम्ही, तुम्हीच करडीला उचलून पिंजऱ्यात घातलंत आणि म्हणालात, 'इथंच बरी आहे ती. माझा भरवसा नाही.' मी ऐकलं. आणि बरं म्हणाले.

आणि त्या दिवशी, खानावळवाला बसला होता, तुम्ही त्याला म्हणालात, 'मी दार लावून येते,' आणि मी म्हटलं, यांच्या हातात दार देऊ नका. तो हसला. तुम्ही आत गेलात आणि पिशवी भरलीत. मी पाला निवडत बसले. तुम्ही कोपऱ्यावर बसची वाट बघत उभ्या होत्या, पाऊण तास, मी खिडकीतून बघत होते. बस आली नाही तर परत येतील, असं म्हणत होते. बस आली.

वाटलं होतं, चार दिवस चिडतील आणि येतील. कुलूप तीनदा ओढून बघत असाल, हे डोक्यात आलं नाही. वेल्डरच्या बायकोनं सांगितलं त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. नऊ ससे गेले ते गेले, ते तसेही खायचेच होते. पण तुमचे हात मी घेतले. धड हात होते.

टाकीमागे झालर घातलीय. वेल्डरला परत बोलावलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मला त्या दिवशीच कळलं होतं, बाई.' टाकी रिकामी केली, दोघांनी मिळून हलवली, दगड फोडला, जाळी पसरली. पाच तास लागले. पाच तासांसाठी मी एवढं सगळं घालवलं.

आता ही पत्रातली सुतळी. तुम्ही पाकीट फोडल्याबरोबर मांडीवर पडली असेल. तीच आहे. चुलीत टाकायला दोनदा नेली आणि दोनदा परत आणली, शिवणयंत्राच्या खणात तळाशी ठेवली. तुमच्या दादांचा स्वेटर तुम्ही ठेवलात, तशी. बघा नीट. तीन वेढे, चपटी गाठ, अजून सुटलेली नाही. मी काही सोडवली नाही, आणि कुत्र्यांना तर गाठीपर्यंत यावंच लागलं नाही. तुम्ही कडी लावली होती. वर सुतळीही बांधली होती. तुमच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. हे मी वेल्डरच्या बायकोला सांगितलं, खानावळवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सुद्धा सांगितलं. ती म्हणाली, 'मग आता येतील का त्या?' मी पाला उचलला आणि निघाले.

बॉयलर घ्या. उद्याच जाऊन मोठ्या बाईंना सांगा. आणि खोलीवरून निघताना एकदाच कुलूप लावा आणि जिना उतरा. कुलूप लागलेलं असेल. मी सांगते म्हणून नाही, माझ्या सांगण्याची काय किंमत राहिली. सुतळी बघा आणि उतरा.

या, असं मी लिहिणार नाही. लिहायला घेतलं की हात थांबतो. रागावलात तर बरंच. पत्र न लिहिता, इथं येऊन चार शिव्या द्याव्यात असं वाटलं, तर त्या आदरानं द्यायची गरज नाही. वहिनीला 'अगं' म्हटलंत तरी ऐकून घेईन.

पिल्लं अठरा-वीस दिवसांनी बिळाच्या तोंडाशी येतील. पहिलं कुठलं बाहेर येतं ते तुम्हाला बघायचं असायचं, पायरीवर बसून, चहा गार करून. मी कधी बसले नाही, मला कामं असायची. या वेळी बसणार आहे. दिवस मोजून तारीख काढली, पंचवीस ते सत्तावीस मार्च. नुसती माहिती म्हणून सांगितलं.

आवाराच्या दाराला कडी आहे. वर सुतळी नाही. मी बांधून बघितली, चार प्रकारे बांधली, माझी गाठ ओढली की सुटते. म्हणून सध्या कडी लावून दाराला बाहेरून दगड टेकवते, आणि मग पायरीपर्यंत येऊन परत जाते बघायला. तुमच्यासारखी.

आता नमस्कार घालते. वाकून घालते. वयानं तुम्ही चार वर्षांनी लहान, पण वाकायला हरकत नाही, गुडघा दुखला तर दुखू दे.

खाली वहिनी लिहीत नाही. ते म्हणायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा.

ता.क. चपला दाराशीच आहेत. आता पायात येत नाहीत. मी बघून पाऊल टाकते.